संगणकाची प्रणाली बदलतांना घरचा संगीतसंग्रह कसा जपावा ? : बुऱ्हाणपूरसारख्या सीमावर्ती शहरातील मराठी घरांच्या संदर्भात

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी ‘विंडोज १०’ या संगणक प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नियमित साहाय्य थांबले. त्यामुळे ज्या घरांत आठ-दहा वर्षांपूर्वीचा संगणक अजून चालू आहे, तेथे दोनच मार्ग उरतात. एक तर प्रणालीचे नूतनीकरण करायचे किंवा संगणक पालटायचा. पत्रे, छायाचित्रे आणि हिशेब यांची आठवण अशा वेळी प्रत्येकाला होते. संगीताची आठवण मात्र काम पूर्ण झाल्यावर होते आणि तोपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो. संगीतसंग्रह म्हणजे नेमके काय, प्रणाली पालटल्यावर त्यातील कोणता भाग धोक्यात येतो आणि तो वाचवण्यासाठी कोणत्या क्रमाने काम करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

बुऱ्हाणपूर आणि संगीताची मांडणी

तापी नदीच्या काठी वसलेले बुऱ्हाणपूर आज मध्यप्रदेशात आहे. १५ ऑगस्ट २००३ या दिवशी जुन्या पूर्व निमाड जिल्ह्यातून त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. महाराष्ट्राच्या जळगाव जिल्ह्यातील रावेर आणि भुसावळ हा भाग येथून जवळ असल्याने शहरात आणि भोवतालच्या गावांत मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या रहातात. हिंदी, मराठी, निमाडी आणि उर्दू या भाषा येथे एकाच बाजारपेठेत कानी पडतात. साहजिकच घरातील गाण्यांचा संग्रहही अनेक भाषांचा असतो.

संगीत ‘नीट लावून ठेवण्या’च्या कामाशी या शहराचा संबंध फार जुना आहे. सोळाव्या शतकात खानदेशच्या फारुकी राजवटीची राजधानी बुऱ्हाणपूर येथे असतांना मूळचे कर्नाटकातील पंडित पुंडरीक विठ्ठल हे बुऱ्हाणखान फारुकीच्या आश्रयाला आले. येथे त्यांनी ‘सद्रागचंद्रोदय’ हा संस्कृत ग्रंथ रचला. दक्षिणेकडील मेलपद्धतीचे ज्ञान असलेल्या या पंडिताने उत्तरेकडे प्रचलित असलेल्या रागांची त्यात पद्धतशीर मांडणी केली. पुढे ‘रागमाला’, ‘रागमंजरी’ आणि ‘नर्तननिर्णय’ हे ग्रंथही त्यांनी लिहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी दहा थाटांची पद्धत मांडली. त्यापूर्वी त्यांनी ज्या जुन्या ग्रंथांचा अभ्यास केला, त्यांत पुंडरीकांचे ग्रंथही होते.

या इतिहासातील एक गोष्ट आजच्या विषयालाही लागू पडते. राग तेच राहिले, तरी त्यांची वर्गवारी शतकानुशतके पालटत गेली. गाणे ही एक वस्तू आहे आणि गाण्याची सूची ही दुसरी. संगणकातील संग्रहाचेही तसेच आहे. प्रणाली पालटते, तेव्हा बहुधा गाणी नष्ट होत नाहीत. त्यांची सूची तुटते. हा भेद ध्यानात आला की, निम्मी धावपळ टळते.

संग्रहाचे तीन घटक

१. ध्वनीच्या फाईली : प्रत्यक्ष आवाज येथे असतो. एमपी-थ्री, एएसी, डब्ल्यूएमए, वेव्ह आणि फ्लॅक हे तिचे नेहमीचे प्रकार आहेत.

२. सूची : गायक, संग्रहाचे नाव, वर्ष, आवडीचा क्रम, तसेच निवडक गाण्यांच्या याद्या (प्लेलिस्ट) यांची ही नोंद असते. तिचा काही भाग ध्वनीच्या फाईलमध्येच लिहिलेला असतो, तर काही भाग गाणी वाजवणारा प्रोग्राम स्वतःच्या वेगळ्या फाईलमध्ये ठेवतो. ही दुसरी फाईल नकलून घ्यायची राहून गेली, तर गाणी येतात. पण वर्षानुवर्षे जुळवलेल्या याद्या येत नाहीत.

३. वाजवण्याचा अधिकार : काही गाणी विकत घेतलेली असतात, काही केवळ मासिक वर्गणीवर ऐकायला मिळतात. वर्गणीवर ऐकण्यासाठी उतरवून घेतलेली गाणी वर्गणी संपताच वाजेनाशी होतात. कधी सेवाच बंद होते. ‘गूगल प्ले म्युझिक’ ही सेवा २०२० या वर्षाच्या अखेरीस बंद झाली, हे याचे ठळक उदाहरण आहे.

बदली मिळणारे आणि न मिळणारे

नूतनीकरणापूर्वी संग्रहातील गाण्यांचे आणखी एका दृष्टीने वर्गीकरण करणे आवश्यक आहे. शेजारच्या खंडव्यात जन्मलेल्या किशोरकुमार यांची चित्रपटगीते हरवली, तर ती पुन्हा सहज मिळतात. आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या, गल्लीतील भजनी मंडळाचा काकडा, वडिलांनी कॅसेटवर टिपलेले कीर्तन किंवा घरच्या लग्नातील गाणी मात्र जगात दुसरीकडे कुठेही नसतात. म्हणून सगळा संग्रह सारख्याच काळजीने जपण्याइतका वेळ नसेल, तर आरंभ या दुसऱ्या प्रकारापासून करावा. त्यासाठी ‘घरचे ध्वनिमुद्रण’ असे स्वतंत्र फोल्डर करून त्यात केवळ हेच साहित्य ठेवावे.

नव्या प्रणालीत काय पालटते ?

विंडोज : ‘विंडोज ११’ ही प्रणाली ५ ऑक्टोबर २०२१ या दिवशी आली. तिच्यासाठी ६४ बिट प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. त्यामुळे अनेक जुने संगणक तिच्यासाठी अपात्र ठरतात. जुन्या प्रणालीवरच नवी चढवली, तर वैयक्तिक फाईली सामान्यतः जागच्या जागी रहातात. डिस्क पुसून कोरी स्थापना केली, तर त्या डिस्कवरील सगळेच जाते. दुकानातील कारागिराला ‘नवीन विंडोज टाका’ एवढेच सांगितले, तर तो पुष्कळदा दुसरा मार्ग निवडतो. म्हणून कोणती पद्धत वापरणार, हे आधीच स्पष्ट विचारून घ्यावे.

‘विंडोज ११’मध्ये ‘मीडिया प्लेयर’ हा नवा प्रोग्राम आला आहे. जुन्या ‘विंडोज मीडिया प्लेयर’मधील याद्या त्यात आपोआप दिसतीलच, असे नाही. त्याच जुन्या प्रोग्रामने एके काळी सीडीवरून गाणी उतरवतांना त्यांना ‘संरक्षित’ करण्याचा पर्याय दिला होता. अशा डब्ल्यूएमए फाईली नव्या संगणकावर परवान्याविना वाजत नाहीत. जुना संगणक चालू असतांनाच त्या शोधाव्यात आणि मूळ सीडी हाताशी असल्यास त्यांवरून गाणी पुन्हा उतरवून घ्यावीत.

मॅक : ॲपलने २००१ मध्ये ‘आयट्यून्स’ आणले. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या ‘मॅकओएस कॅटालिना’ या प्रणालीत त्याचे विभाजन झाले. गाणी ‘म्युझिक’मध्ये, भाषणमालिका ‘पॉडकास्ट्स’मध्ये आणि चित्रपट ‘टीव्ही’मध्ये गेले. आयपॉड किंवा आयफोन जोडण्याचे काम ‘फाइंडर’कडे आले. नूतनीकरणानंतर ‘आयट्यून्स कुठे गेले ?’ असा प्रश्न पडणाऱ्यांनी फाइंडरच्या डाव्या पट्टीत उपकरणाचे नाव पहावे. कॅटालिनावर ३२ बिटचे जुने प्रोग्राम चालत नाहीत. ध्वनिसंपादनाचा जुना प्रोग्राम नेहमी वापरला जात असेल, तर त्याची नवी आवृत्ती उपलब्ध आहे का, हे आधी पहावे. विंडोजवरही ॲपलने २०२४ मध्ये हीच कामे ‘ॲपल म्युझिक’, ‘ॲपल टीव्ही’ आणि ‘ॲपल डिव्हायसेस’ अशा तीन प्रोग्राममध्ये विभागली. ते घेतल्यावर आयट्यून्सकडे केवळ पॉडकास्ट आणि ध्वनिपुस्तके उरतात.

नूतनीकरणापूर्वी करावयाची कामे

१. विखुरलेली गाणी एकत्र आणावीत. डेस्कटॉप, डाउनलोड्स, ‘डी’ ड्राइव्ह, जुना पेन ड्राइव्ह अशा ठिकाणी ती पसरलेली असतात. आयट्यून्स किंवा म्युझिक वापरणाऱ्यांनी ‘कन्सॉलिडेट फाइल्स’ हा पर्याय निवडावा. त्यामुळे सूचीत असलेल्या, पण इतरत्र ठेवलेल्या फाईलींच्या प्रती एकाच फोल्डरमध्ये जमा होतात.

२. याद्या बाहेर काढून ठेवाव्यात. बहुतेक प्रोग्राम यादी ‘एम३यू’ या साध्या मजकूर-स्वरूपात देतात. गाण्यांची नावे देवनागरीत असतील, तर ‘एम३यू८’ हा प्रकार निवडावा. अन्यथा अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात. मॅकवर ‘एक्स्पोर्ट लायब्ररी’ने संपूर्ण सूची वेगळी काढता येते.

३. दोन प्रती कराव्यात. एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी घराबाहेर, म्हणजे नातेवाइकांकडील डिस्कवर किंवा इंटरनेटवरील साठवणीत. मूळ संग्रह धरून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतील एक अन्य ठिकाणी, हा जगभर मानला जाणारा साधा नियम आहे.

४. प्रत पडताळावी. मूळ आणि प्रत या दोन्ही फोल्डरमधील फाईलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का, ते पहावे. त्यानंतर आरंभीचे, मधले आणि शेवटचे, अशी काही गाणी प्रतीवरून प्रत्यक्ष वाजवून पहावीत. न पडताळलेल्या प्रतीच्या भरवशावर मूळ पुसू नये.

५. खात्यांची नोंद ठेवावी. ॲपलकडून घेतलेली जुनी गाणी एका खात्यावर अधिकाधिक पाच संगणकांवर अधिकृत करता येतात. जुना संगणक विकण्यापूर्वी किंवा पुसण्यापूर्वी त्याचा अधिकार काढून घ्यावा, म्हणजे ती जागा मोकळी होते. विंडोजमध्ये डिस्कचे कूटबंधन चालू असल्यास तिची ‘रिकव्हरी की’ कागदावर लिहून ठेवावी.

६. विजेची सोय पहावी. नूतनीकरण चालू असतांना वीज गेल्यास प्रणाली अर्धवट राहू शकते. डेस्कटॉप संगणकाला यूपीएस जोडावा. लॅपटॉप पूर्ण भारित करून वर चार्जरही लावून ठेवावा.

नूतनीकरणानंतरचा क्रम

प्रथम काहीही पुसू नये आणि कोणतेही उपकरण जोडू नये. संगीताचे फोल्डर जागेवर आहे का, ते पहावे. नसेल तर विंडोजमध्ये ‘विंडोज.ओल्ड’ हे फोल्डर शोधावे. जुन्या प्रणालीचे अवशेष त्यात असतात. हे फोल्डर आणि जुन्या प्रणालीकडे परतण्याची सोय सामान्यतः दहा दिवसच टिकते. म्हणून पडताळणी पहिल्या आठवड्यातच करावी.

गाणी दिसतात; पण वाजत नाहीत आणि नावापुढे उद्गारचिन्ह येते, असा अनुभव अनेकांना येतो. याचा अर्थ गाणे हरवले, असा नव्हे. सूचीला त्याचा पत्ता सापडत नाही, एवढाच असतो. बाहेरच्या डिस्कला पूर्वी ‘ई’ हे अक्षर होते आणि आता ‘एफ’ मिळाले, एवढ्यानेही सगळे पत्ते चुकतात. विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून डिस्कला जुने अक्षर परत दिले की, सूची पुन्हा जुळते. म्युझिक उघडतांना मॅकवर ‘ऑप्शन’ आणि आयट्यून्स उघडतांना विंडोजवर ‘शिफ्ट’ ही कळ दाबून धरल्यास कोणती सूची वापरायची, हे निवडता येते. रिकामी सूची पाहून घाईने सगळी गाणी पुन्हा भरू नयेत. त्याने प्रत्येक गाणे दोनदा दिसू लागते आणि ते निस्तरण्यात अनेक दिवस जातात.

उपकरणे जोडतांना

आयपॉड आणि आयफोन : जुना आयपॉड एका वेळी एकाच संगणकाच्या सूचीशी बांधलेला असतो. नव्या सूचीशी जोडल्यावर ‘पुसून जुळवायचे का ?’ असा प्रश्न पडद्यावर येतो. मूळ गाणी केवळ आयपॉडमध्येच उरली असतील, तर येथे होकार देणे म्हणजे ती कायमची गमावणे होय. अशा वेळी नकार द्यावा आणि गाणी आधी बाहेर काढून घ्यावीत. मे २०२२ मध्ये ॲपलने शेवटचा आयपॉडही बंद केल्याची घोषणा केली. त्यामुळे आयपॉड हे आता ऐकण्याचे साधन मानावे, साठवणीचे नव्हे.

अँड्रॉइड भ्रमणभाष : संगणकाला जोडल्यावर तो केवळ भारित होऊ लागतो. पडद्यावरील सूचनेत जाऊन ‘फाइल ट्रान्स्फर’ निवडले की, आतील फोल्डर दिसतात. भजनी मंडळांची ध्वनिमुद्रणे आज पुष्कळदा व्हॉट्सॲपच्या ध्वनिसंदेशांतच पडून असतात. त्या फाईली ‘ओपस’ प्रकारच्या असून त्यांच्या नावात केवळ दिनांक आणि क्रमांक असतो. महत्त्वाच्या फाईली वेळीच नकलून त्यांना अर्थपूर्ण नावे द्यावीत. ‘व्हीएलसी’ या निःशुल्क प्रोग्रामवर त्या सहज वाजतात.

गाडीतील आणि घरातील स्पीकर : अनेक गाड्यांतील यंत्रणा केवळ ‘फॅट ३२’ या पद्धतीने सिद्ध केलेला पेन ड्राइव्ह वाचतात. नव्या संगणकाने ‘एक्सफॅट’ किंवा ‘एनटीएफएस’ पद्धतीने सिद्ध केलेला पेन ड्राइव्ह त्यांना कळत नाही. काही यंत्रणांना देवनागरी दाखवता येत नाही. त्यांच्यासाठी रोमन नावांची वेगळी प्रत ठेवावी आणि गाण्यांच्या नावांपुढे ०१, ०२ असे दोन अंकी क्रमांक द्यावेत, म्हणजे १० वे गाणे २ ऱ्याच्या आधी वाजत नाही.

कॅसेट उतरवण्याची साधने : प्रणाली पालटल्यावर ध्वनिमुद्रण अकस्मात ‘मुके’ होते. त्याचे कारण पुष्कळदा साधे असते. नव्या प्रणाली गोपनीयतेसाठी प्रोग्रामला मायक्रोफोन वापरू देण्यापूर्वी अनुमती मागतात आणि बाहेरून येणारा आवाजही याच नियमात बसतो. साधन बिघडले, असे समजण्यापूर्वी ही अनुमती तपासावी.

देवनागरी नावांचा प्रश्न

मराठी संग्रहाची एक खास अडचण आहे. पूर्वी अनेकांनी कॅसेटची सूची ‘कृतिदेव’ किंवा ‘श्री-लिपी’ यांसारख्या युनिकोडपूर्व टंकांत टंकलिखित केली. तो टंक नव्या संगणकावर नसला की, तीच सूची रोमन अक्षरांच्या निरर्थक जुळवणीसारखी दिसते. जुना संगणक चालू आहे, तोवर अशी सूची कागदावर छापून आणि पीडीएफ करून घ्यावी. नंतर ती युनिकोडमध्ये परिवर्तित करून पडताळावी. सूचीत गायकाचे नाव देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिपींत असल्यास ते कुठल्याही यंत्रावर शोधता येते. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत सोळाव्या शतकातील अरबी लेखासमवेत संस्कृत लेखही कोरलेला आहे. वाचणारा कोणत्याही परंपरेतील असला, तरी माहिती त्याच्यापर्यंत पोचावी, ही सोय त्या शहराला परिचयाची आहे.

कॅसेट अजून उतरवायच्या असतील, तर...

निमाडातील उन्हाळा आणि कोकण-गोव्यातील दमट हवा या दोन्ही गोष्टी फितीच्या शत्रू आहेत. उष्णतेने कॅसेटचे आवरण वाकते आणि दमटपणाने फितीवर बुरशी येते. ६० मिनिटांची कॅसेट सीडीच्या दर्जाने, म्हणजे वेव्ह प्रकारात उतरवली, तर सुमारे ६०० एमबी जागा लागते. १२८ केबीपीएसच्या एमपी-थ्रीमध्ये तेच ध्वनिमुद्रण ६० एमबीच्या आत मावते. घरच्या दुर्मिळ ध्वनिमुद्रणाची मूळ प्रत वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवावी आणि ऐकण्यासाठी एमपी-थ्री करावी. एमपी-थ्रीमध्ये एकदा गाळलेला ध्वनी परत आणता येत नाही. फ्लॅकमध्ये जागा वाचते आणि ध्वनी गाळला जात नाही.

ओव्यांच्या संग्रहाचा धडा

या विषयातील एक अनुकरणीय उदाहरण महाराष्ट्रातील आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील काही सहस्र ओव्यांचे ध्वनिमुद्रण डिजिटल फितींवर झाले. त्या फिती वाजवणारी यंत्रे आज बाजारात मिळत नाहीत. तरीही २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून या ओव्या लोकांना ऐकता आणि वाचता येऊ लागल्या. ध्वनी वेळेवर नव्या माध्यमात आला होता आणि प्रत्येक ओवीसमवेत ती गाणारी कोण, गाव कोणते, तालुका कोणता, ही नोंदही जपली गेली होती, म्हणूनच हे शक्य झाले. घरच्या संग्रहाचे प्रमाण लहान असले, तरी नियम तोच आहे. ‘ट्रॅक ०७’ या नावाची फाईल वीस वर्षांनी कुणाच्याही उपयोगाची नसते. गायिका, गाव, प्रसंग आणि वर्ष यांसह ठेवलेली फाईल उपयोगाची असते.

जुना संगणक टाकावा का ?

‘विंडोज ११’साठी अपात्र ठरलेला संगणक लगेच भंगारात देण्याचे कारण नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांना ‘विंडोज १०’साठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षेची योजना दिली आहे. त्यानंतरही इंटरनेट तोडून तो केवळ गाणी वाजवण्यासाठी आणि कॅसेट उतरवण्यासाठी वापरता येतो. ‘लिनक्स मिंट’सारखी निःशुल्क प्रणाली टाकल्यास त्याला आणखी काही वर्षे सुरक्षितपणे काम देता येते. मात्र लिनक्स टाकतांना डिस्क बहुधा पुसली जाते. म्हणून आधी संग्रहाची प्रत बाहेर काढणे येथेही अनिवार्य आहे.

नव्या संगणकावर सगळे नीट चालू झाल्यानंतरही जुनी डिस्क किमान काही मास तशीच ठेवावी. राहून गेलेल्या एखाद्या गाण्याची आठवण पुष्कळदा सणाच्या किंवा श्राद्धाच्या दिवशी होते. त्यानंतर वर्षातून एक दिवस ठरवून, उदाहरणार्थ दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत, दोन्ही प्रती जोडून पहाव्यात, काही गाणी वाजवावीत आणि वर्षभरातील नवे ध्वनिमुद्रण त्यांत घालावे. घरातील किमान दोन व्यक्तींना या प्रती कुठे आहेत आणि त्या कशा उघडायच्या, हे ठाऊक असावे. एकाच व्यक्तीच्या स्मरणावर अवलंबून असलेला संग्रह, डिस्क कितीही चांगली असली, तरी सुरक्षित नसतो.